भिंगरी बेटावर

तिचं खरं नाव हजेरीच्या पटावर असेल, पण हॉस्पिटलात ते कुणी कधी वापरलं नाही. पेशंट तिला मावशी म्हणायचे आणि बरोबरीच्या आया भिंगरी. पायाला भिंगरी लागलीय असं लोक बोलायला बोलतात, हिच्या पायाला ती फक्त दिसायचीच बाकी होती. पुरुषांच्या वॉर्डात भांडं देऊन आली की बायकांच्या वॉर्डात चादर बदलायला, तिथून कुणाच्या पाठीला पावडर लावायला, तिथून कुणाला चाकाच्या खुर्चीतून फोटो काढायच्या खोलीकडे न्यायला. चहासुद्धा उभ्याने, दाराला टेकून. मोठ्या सिस्टर म्हणायच्या, हिला बसायला खुर्ची दिली तर ही खुर्चीच पुसून ठेवील.

अशी बाई निवृत्त झाली म्हणजे काय होणार? घरात दोन खोल्या आणि माणूस एक. नवरा केव्हाच वर गेलेला, तोही बिचारा हिच्यामागे धावून दमलेला. पहिल्या आठवड्यात तिने डबे घासले, दुसऱ्या आठवड्यात तेच डबे पुन्हा घासले. मग शेजाऱ्यांच्या दारापुढचा जिना झाडून काढायला लागली, तेव्हा शेजारीण हात जोडून म्हणाली, अहो, आमची सून आळशी आहे हे घरातल्यांना ठाऊक आहे, गल्लीला कशाला कळवताय? शेवटी तिने आतली खोली रंगवायला काढली. फिकट पिवळा रंग, स्वतःच्या हाताने, स्टुलावर चढून. त्या खोलीत झोपायला कुणी नव्हतं. पण रंग कुणासाठी लावला ते तिला माहीत होतं.

तिला एकच लेक. लहानपणी ती शाळा सुटली की हॉस्पिटलात यायची आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून अभ्यास करायची, कारण घरी बघायला कुणी नव्हतं. त्या बाकावर बसून पोरीला पाढ्यांआधी वॉर्डाच्या खुणा पाठ झाल्या. पडदा ओढला म्हणजे आत जायचं नाही. चाकाची खुर्ची दाराशी आली म्हणजे कुणीतरी घरी निघालं. आणि खाटेवरची चादर काढून गादी दुमडून ठेवली, वर उशी, म्हणजे ते माणूस गेलं. घरी की देवाघरी, ते विचारायचं नाही. मोठी झाल्यावर लेक हॉटेलांच्या नोकरीत शिरली, या गावातून त्या गावात, आणि शेवटी समुद्रातल्या एका बेटावरच्या रिसॉर्टमध्ये खोल्यांची देखरेख बघायला लागली. घरी यायची ती सणावाराच्या पाहुण्यासारखी. यायची ती जायची तयारी करूनच.

तर त्या लेकीचा फोन आला. म्हणाली, इथे काम करणाऱ्यांच्या घरच्यांना वर्षातून एकदा पाहुणे म्हणून राहू देतात, तू ये, आठवडाभर राहा. आणि वर म्हणाली, "मला तुझ्याशी बोलायचंय, आई. निवांत बसून."

भिंगरीने फोन ठेवला आणि पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायला घेतला.

त्याचंही कारण होतं. उभा जन्म तिने हॉस्पिटलात काढला होता. बरी बातमी डॉक्टर उभ्या उभ्याच सांगतात, अर्ध्या वाटेत, दुसऱ्या पेशंटकडे जाता जाता. पण स्टूल ओढून घेतात आणि नातेवाइकांना बसा म्हणतात, तेव्हा समजायचं. भिंगरी तर डॉक्टरांचा हात स्टुलाकडे गेला की पाण्याचा पेला आणायला पळायची, पुढचं ऐकायलाही थांबायची नाही. निवांत बसून बोललेलं काही चांगलं असतं, असं तिने आजवर पाहिलं नव्हतं. लेकीला काय सांगायचं असणार? हेच की मी आता घरी येणार नाही. आणि भिंगरी तर मनात एकच वाक्य घोळवत होती, की बाई, आता मी मोकळी झाले, तू परत ये, खोली रंगवलीय.

मन चिंती ते वैरी न चिंती. पण गेली.

लाँचमध्ये बसायला मऊ गाद्या होत्या, म्हणून ती उभी राहिली. शेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली एक बाई लाटांनी पिवळी पडली, तर हिने पिशवीतून रिकामी पिशवी काढून तिच्या हनुवटीखाली धरली आणि पाठ चोळली. बाई बरी झाल्यावर विचारू लागली, तुम्ही रिसॉर्टवरच्या नर्स का? भिंगरी म्हणाली, नाही, मी पाहुणी आहे. बाईला ते खरं वाटलं नाही. भिंगरीलाही फारसं वाटलं नव्हतं.

धक्क्यावर उतरताच एकाने चिमट्यात धरून गार, गुंडाळलेला रुमाल पुढे केला. भिंगरीने तो घेतला, उलगडला आणि धक्क्याचा कठडा पुसला. कठड्यावर पक्ष्यांची घाण होती, तिला वाटलं त्यासाठीच दिलाय. लेक समोरच उभी होती, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. तिने ओठ चावला आणि आईला मिठी मारली. मग चपला काढून धक्क्यावरच्या फळीवर ठेवायला लावल्या. बेटावर सगळ्यांनी अनवाणी फिरायचं, असा तिथला नियम.

खोली म्हणजे झोपडी, पण राजाची. बांबूच्या भिंती, झावळ्यांचं छप्पर, मोठ्ठा पलंग, त्यावर ढगासारखी मच्छरदाणी. पंखा नाही, टीव्ही नाही, न्हाणीला छप्परच नाही, वर सरळ आभाळ. संडासात पाण्याऐवजी भुशाची बादली आणि वर एक छोटी पळी. लेकीने सगळं समजावून सांगितलं. इथे काही फुकट जात नाही, आंघोळीचं पाणी केळींना, उष्टं खताला, उजेड उन्हाचा. लोक त्यासाठी सातासमुद्रापलीकडून येतात. भिंगरीने भुशाच्या बादलीकडे बघून विचारलं, "आणि हे करायला पैसे देतात?" लेक हसली. पण काही फुकट जात नाही हे मात्र भिंगरीला मनापासून पटलं. तिच्या घरातही जुन्या चादरीची उशीची खोळ, खोळीचं फडकं आणि फडक्याची चिंधी व्हायची.

पंचाईत झाली ती दुसऱ्याच दिवशी. त्या झोपडीसाठी एक बाई नेमलेली होती, साधारण भिंगरीच्याच वयाची, सगळे तिला खोलीवाली म्हणत. ती यायच्या आत भिंगरीने खोली झाडलेली, पलंग ताणून घातलेला, चादरीचे कोपरे असे दुमडलेले की वर नाणं टाकलं तर उडावं. खोलीवाली दारात केरसुणी घेऊन उभी. म्हणाली, "मॅडम, तुम्ही राहू द्या ना."

मॅडम! भिंगरीने मागे वळून बघितलं, मागे दुसरं कुणी आलंय का.

दिवसभर करायचं काय? झुल्यात बसली तर झुला हलेना म्हणून उतरून त्याची गाठ तपासली. खोलीत ठेवलेल्या एका जाड पुस्तकात लिहिलं होतं म्हणे, की पाहुण्यांनी लाटांचा आवाज ऐकत पडून राहावं. ती पडली, ऐकला, सारखाच होता, उठली. जेवणाच्या ओसरीत लोक शांतपणे फळं खात बसलेले, ही प्रत्येकाच्या ताटलीकडे बघून ठरवायची की याने नीट खाल्लं नाही. एका म्हाताऱ्या साहेबाला जाऊन म्हणालीसुद्धा, दोन घास तरी घ्या हो. साहेबाने घेतले. पण मॅनेजरने ते लांबून बघितलं.

संध्याकाळी ड्युटी संपली की लेक यायची. ओसरीवरची वेताची खुर्ची आईसाठी ओढायची, दुसरी स्वतःसाठी, आणि म्हणायची, आई, बस ना जरा. खुर्चीचे पाय लाकडावर खरवडले की भिंगरी उठायची. तिला लगेच आठवायचं, कपडे वाळत घातलेत. मच्छरदाणीत डास शिरलाय. दुसऱ्या संध्याकाळी तर पालीला बाहेर हाकलायला ती झावळ्यांपर्यंत चढली. लेक खाली उभी राहून म्हणत होती, अगं ती पाल इथेच राहते, तिला राहू दे. बोलायचं ते राहूनच जायचं. लेक निघून गेली की भिंगरी सुटकेचा श्वास टाकायची, आणि तो टाकून होतो न होतो तोच घालमेल पुन्हा सुरू. आज नाही ऐकलं. उद्या ऐकावंच लागेल.

तिसऱ्या संध्याकाळी ठिणगी पडली. लेक आली ती कपाळाला आठ्या घालूनच. खोलीवालीला मॅनेजरने बोलावून घेतलं होतं. पाहुणी जर स्वतःच झाडतेय तर तू काय करतेस, असं विचारलं होतं, आणि ती बिचारी डोळे पुसत आली होती.

लेक म्हणाली, "तिच्या हातचं काम काढून घेऊ नकोस, आई. तू उद्या जाशील, तिला इथेच राहायचंय."

भिंगरीला ते लागलं, खरं होतं म्हणून जास्त लागलं. ती म्हणाली, हात बांधून बसायला मला जमत नाही. लेक म्हणाली, हात बांध असं कोण म्हणतंय, नुसती बस. माझ्यासाठी. त्या बाकावर मी किती बसायचे, आणि तू आलेच हं, आलेच हं करत समोरून जायचीस. आजही तेच.

आता यावर काय बोलायचं? आणि बोलायला काही नसलं की माणूस बोलू नये ते बोलतो. भिंगरी म्हणाली, "मग जातेच मी उद्याच्या लाँचने. म्हणजे सगळ्यांची कामं सुखाने होतील."

लेक निघून गेली. खुर्च्या तशाच समोरासमोर राहिल्या.

सकाळी जाग आली तेव्हा भिंगरीचा राग उतरला होता, उरली होती ती नुसती हुरहुर. तिने मनाशी ठरवलं, आज ऐकायचं. काय असेल ते असेल. पण आधी बेटाला एक फेरी मारायची, पाय मोकळे झाले की मनही धीर धरेल. आणि आज खोलीवालीचं काम करायचं नाही, म्हणजे नाही.

पण विस्कटलेला पलंग तसाच टाकून जायचं म्हणजे तिला अंगावर फाटका कपडा घालून बाजारात जाण्यासारखं. मग तिने मधला मार्ग काढला. वॉर्डात आपली पाळी संपताना रिकामी खाट पुढच्या आयेसाठी ठेवतात तसं केलं. चादर काढून घडी घातली, गादी दुमडून पायथ्याशी, म्हणजे वाराही लागतो आणि येणारीला नवी चादर घालायला सोपं जातं, वर उशी. खोलीवालीचं काम शाबूत आणि आपलाही शब्द शाबूत. पिशवी खांद्याला मारली, कारण जी पिशवी काखेत नाही ती आपली नाही, हा हॉस्पिटलचा धडा. अनवाणी पायांना खडे टोचत होते, म्हणून धक्क्यावर जाऊन फळीवरच्या आपल्या चपलाही घेतल्या. सकाळची लाँच पाहुण्यांना घेऊन नुकतीच सुटली होती. भिंगरीने तिच्याकडे बघितलंही नाही. किनाऱ्याने चालू लागली.

बेटाच्या पाठीमागे वाळू संपते आणि काळे खडक सुरू होतात. भिंगरी त्यांच्यावरून झपाझप पुढे गेली. पुढे वाट कड्याशी संपली, मागे वळून बघते तर आलेली वाट पाण्याखाली. भरती लागली होती. उंच खडकावर चढून ती उभी राहिली. आता पाणी उतरेपर्यंत जायला जागा नाही, आणि करायला काही नाही.

आधी तिने शिंपले गोळा करून लहानमोठे लावले. लाटेने ते नेले. मग खडकाच्या भेगेतला कचरा काढला, पण कचरा म्हणजे दोन पानं. मग ती बसली. बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं म्हणून बसली. हात मांडीवर ठेवले तर ते परक्यासारखे वाटायला लागले. मन मात्र बसेना. ते लेकीकडे धावत होतं, घरी धावत होतं, पिवळ्या खोलीत जाऊन खिडकी उघडत होतं. पोरीने त्या बाकावर बसून काय काय गिळलं असेल, हा विचार आला आणि गेला नाही. लाटेसारखा तो परत परत येत राहिला. तिला उठून जावंसं वाटलं, पण उठून जाणार कुठे?

तिकडे काय झालं ते तिला मागाहून समजलं. खोलीवाली चहा घेऊन गेली तर झोपडी रिकामी. तिला वाटलं, मॅडम फिरायला गेल्या असतील. पण लेक तिच्या मागोमाग आली होती, रात्रभर तिलाही झोप नव्हती. तिने दारातून दुमडलेली गादी बघितली, वर उशी बघितली, आणि बांबूचा खांब धरला. "गेली," एवढंच म्हणाली. खोलीवाली सांगतेय, अहो पण लाँचच्या यादीत नाव कुठे आहे, तर लेक धक्क्यावर धावली. फळीवर चपला नव्हत्या. मग तिने कुणाचं ऐकलं नाही. छोटी होडी काढायला लावली आणि लाँचच्या मागे निघाली.

पाणी उतरलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भिंगरी परतली ती तोंडात एकच वाक्य धरून, सांग बाई, ऐकते मी. धक्क्याजवळ पायऱ्यांवर खोलीवाली डोकं धरून बसली होती. हिला बघून ती उठली, पुन्हा बसली आणि रडायलाच लागली.

"मावशी, कुठे होता हो तुम्ही?"

मग एकेक कळलं. लेक होडीतून गेली. पलीकडच्या किनाऱ्यावरून वायरलेसवर निरोप आला, की अशी कुणी बाई लाँचमधून उतरलीच नाही. त्यानंतर इथे कुणाला समुद्राकडे बघायचा धीर होईना. माणसं खडकांकडे पाठवली होती, ती कड्याच्या दुसऱ्या बाजूने गेली. आणि लेक परत निघालीय, पण होडीवर वायरलेस नाही. ती सगळ्या वाटेने काय काय मनात आणत असेल, देव जाणे.

भिंगरी धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. उभीच. खोलीवालीने पाणी आणलं, ते प्यायली नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आजवर वाट बघणारे तिने हजारांनी पाहिले होते, त्यांना पाणी दिलं होतं, बसायला जागा दाखवली होती. वाट बघणं म्हणजे अंगातून एकेक हाड काढून घेतल्यासारखं असतं, हे मात्र त्यांच्यापैकी कुणी तिला सांगितलं नव्हतं.

होडी दिसली. होडीतल्या माणसाने हात केला, कारण त्याला धक्क्यावर भिंगरी दिसली होती. लेक होडी लागायच्या आतच पाण्यात उतरली, कमरेपर्यंत भिजत आली. इस्त्रीच्या कपड्यांची रया गेली होती. वर आली आणि आईच्या दोन्ही दंडांना धरून तिला गदगदा हलवायला लागली.

"गादी का दुमडलीस? सांग ना, गादी का दुमडलीस?"

"वारा लागावा म्हणून," भिंगरी म्हणाली. "खोलीवाल्या ताईला सोपं जावं म्हणून गं."

लेक हसली की रडली ते कळलं नाही. धक्क्यावर नवे पाहुणे उतरत होते, हातात गार रुमाल घेऊन बघत होते, पण तिला त्यांची शुद्ध नव्हती. बसणं नाही, खुर्ची नाही, तिथेच उभ्या उभ्या, ओल्या अंगाने तिने सगळं एका दमात ओकून टाकलं. कंपनी आणखी एक बेट घेतेय, याहून कितीतरी लांब, विमान बदलून जावं लागतं. तिथलं सगळं काम हिच्या हाती देणार आहेत. तीन वर्षं तरी. उद्यापर्यंत हो की नाही सांगायचंय. महिनाभर थांबवून ठेवलंय, आईला विचारल्याशिवाय सांगवेना.

आणि मग हळू आवाजात, "तू नको म्हणालीस तर नाही जाणार, आई. खरंच."

भिंगरीच्या तोंडात ते वाक्य तयार होतं. घरी ये, खोली रंगवलीय. एवढं बोलायचा अवकाश, लेक आली असती. रडत आली असती, पण आली असती.  तिने लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती आईच्या तोंडाकडे बघत होती, निकाल ऐकायला आलेलं माणूस डॉक्टरांच्या तोंडाकडे बघतं तसं. भिंगरीला ते बघवेना.

"हे बघ," ती म्हणाली, "जा म्हणायला माझी जीभ वळत नाही. आणि थांब म्हणणार नाही. जन्मभर मी माझं काम केलं, तुला विचारलं नाही. तुझं तू ठरव. मी रडेन ते रडेन, त्याचा तू हिशेब धरू नकोस."

"तुला एकटीला जमेल?"

"नाही जमणार. पण काही जमत नाही म्हणून माझं कधी अडलंय?" मग म्हणाली, "तिथे डॉक्टर आहे का जवळ?"

लेक म्हणाली, आहे. पाणी गोडं आहे का? आहे. तिथेही भुशाची बादली? तिथेही. भिंगरी म्हणाली, मग मला तिकडे बोलावू नकोस, मला एवढं सुख सोसत नाही, तूच येत जा. लेक ओल्या बाहीने नाक पुसत हसली.

दोघींनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. खोलीवालीने त्यांना पाहुण्यांच्या ओसरीत नेलं नाही, मागे कामवाल्यांच्या स्वयंपाकघरात नेलं. लांब बाकावर बसून तिघी जेवल्या. लेक दोन घास खायची आणि थांबायची. तिचं चित्त ताटात नव्हतं, ते कुठे होतं ते भिंगरीला दिसत होतं. आईचं तोंड बघून तिला बोलता येत नव्हतं, आणि न बोलताही राहवत नव्हतं. हा चंचलपणा कुणाचा घेतलाय ते सांगायला नकोच.

"जायचंय ना तुला?" भिंगरीने विचारलं.

लेकीने होकारार्थी मान हलवली.

"मग जा, आत्ताच सांगून ये. उद्यावर टाकलंस तर रात्रीत माझं मन फिरेल, आणि मी काहीतरी बोलेन."

लेक उठली. दारात जाऊन थांबली, परत आली, आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि गेली.

 ताट बाजूला सारून भिंगरी उठली, मोरीशी गेली आणि भांडी घासायला घेतली. स्वतःच्या ताटापासून सुरुवात केली, मग लेकीचं, मग तिथे सकाळपासून पडलेला ढीग. खोलीवाली मागे येऊन उभी राहिली.  खुंटीवरचं फडकं काढून घेतलं आणि भिंगरीने धुऊन दिलेलं एकेक भांडं पुसायला लागली.

मोरीवरच्या खिडकीतून ऑफिसची पायवाट दिसत होती. लेक अर्ध्या वाटेत थांबली होती आणि वळून स्वयंपाकघराकडे बघत होती. भिंगरीने साबणाचा हात खिडकीबाहेर काढला आणि जा, जा, अशी खूण केली.